सोमारी आणि पुसातला आंबा

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याच्या बसस्टॉपसमोर माझा एस.टी.डी. बूथ होता, तेव्हा तालुक्यातली कुठलीही बातमी मला दोनदा कळायची. एकदा फोनवर बोलणाऱ्याच्या तोंडून, आणि दुसऱ्यांदा तोच माणूस बाहेर येऊन "नूरुभाऊ, कोनाले सांगू नका" म्हणायचा तेव्हा. लोकांचा समज असा, की काचेचं दार ओढून घेतलं की आवाज आतच राहतो. माझ्या दाराची वरची काच फुटलेली होती आणि ती बसवून घ्यायची मला कधीच घाई नव्हती.

आज सांगतोय ते सोमारी वेलादीचं. तिला विचारून सांगतोय. हल्ली ती आश्रमशाळेत पी.टी.ची बाई आहे, तिच्या गळ्यात शिट्टी असते, आणि ती वाजली की आमच्यासारखे म्हातारेसुद्धा रांगेत उभे राहतात.

सोमारी वेंगागुड्याची. मुलचेऱ्याहून बस जिथे थांबते तिथून पुढे पायी जायचं गाव. तिचा बाप मंगरू तिथला गायता. गायता म्हणजे गावाचा पुजारी म्हणा, पण तेवढंच नाही. ज्या घराण्यानं सगळ्यात आधी जंगल तोडून ती जागा वसवली, त्या घराण्यातला माणूस गायता होतो. माती त्या घराला ओळखते, म्हणून मातीशी बोलायचं काम त्याचं. पेरणी त्याच्या हातून सुरू होते, नवं पीक आधी तो देवाला देतो. मंगरू बोलतो कमी. एक वाक्य बोलला की पुढचं ऐकायला माणसानं मधल्या वेळात चहा करून घ्यावा.

पोरगीही तशीच. उंच, काटक, आणि तोंडाला कुलूप. आश्रमशाळेच्या मैदानावर मासे धरायच्या जाळ्याचं नेट बांधून ती व्हॉलीबॉल शिकली. एकदा वनखात्याच्या लोकांनी पोरींशी गंमत म्हणून मॅच लावली. सोमारीनं नेटवरून मारलेला बॉल रेंजर साहेबाच्या चष्म्यावर बसला. साहेब म्हणाले, "काही नाही, काही नाही," आणि पुढचा महिनाभर चष्मा दोऱ्यानं बांधून फिरले. गंमत तिथेच संपली आणि सोमारीचं नाव सुरू झालं.

बारावीनंतर ती गडचिरोलीला कॉलेजात गेली, होस्टेलवर राहिली. तिथे तिची रूम पार्टनर तहसीन. भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत वाढलेली, टीममध्ये बॉल उचलून देणारी, आणि जन्मापासून एकदाही गप्प न बसलेली. ही दोघींची जोडी कशी जमली ते मी खूप विचार करून शोधलं. एकीला ऐकणारं हवं होतं, दुसरीला आपल्या वतीनं बोलणारं. पुढचा सगळा घोटाळा याच सोयीतून झाला.

त्यांचे क्रीडाशिक्षक गोहणे सर. मनानं चांगला माणूस, पण भाषण करायची फार हौस. सन २००३ च्या पावसाळ्यात त्यांना मॉरिशसच्या एका क्लबाचं आमंत्रण आलं. तिथल्या पोरींशी मॅचेस खेळायच्या, एका शाळेचं मैदान साफ करून द्यायचं, संध्याकाळी एकमेकांची गाणी-नाच बघायचे. सर तीन बोटं वर करून म्हणायचे, "खेळ, सेवा आणि संस्कृती!" तिसऱ्या बोटाशी पोचेपर्यंत त्यांचा गळा भरून यायचा.

वेंगागुड्यात मात्र या तीन बोटांचं काही चाललं नाही. गाव बैठकीला बसलं. झिंगू नावाचा म्हातारा तिथला सगळ्यात अडेल माणूस. त्यानं विचारलं, "पोरगी समुद्राच्या पल्याड जाऊन राह्यली. तिथी काय खाते, कोनाच्या हातचं खाते, कोन पाहाले जाते?"

मंगरू म्हणाला, "माझी पोरगी रीत मोडत नाई."

"अन मोडली त?"

मंगरूनं नेहमीप्रमाणे वेळ घेतला. मग म्हणाला, "मोडली त यापुढे गावची एकही पोरगी आश्रमशाळेच्या पुढं जानार नाई. माझी दीपिकाही नाई."

दीपिका ही सोमारीची धाकटी बहीण, बारावीला होती, आणि जूनमध्ये गडचिरोलीला जायची स्वप्नं बघत होती. तिच्यामागे गावात आणखी चार-पाच जणी होत्या. बापानं एका वाक्यात सगळ्यांचं पुढचं आयुष्य सोमारीच्या तोंडाला बांधून टाकलं. ती काय खाते आणि काय खात नाही, यावर.

निघायच्या दिवशी ती माझ्या बूथवर आली. आमच्या शमीमनं तिला गरम पाण्याची रबरी पिशवी दिली, कारण परदेश म्हणजे थंडी एवढंच शमीमला माहीत. गोहणे सरांनाही तेवढंच माहीत होतं. त्यांनी सगळ्या टीमला जाड लोकरी स्वेटर घ्यायला लावले होते. विमानातून उतरल्या तेव्हा तिथे घाम काढणारा उन्हाळा होता. विषुववृत्ताच्या खाली ऋतू उलटे होतात हे भूगोलाच्या पुस्तकात असतं, पण सर फिजिकल एज्युकेशनचे.

आणि उन्हाळा म्हटला की काय आलं?

आंबा.

सोमारी, तहसीन आणि सर यांची सोय एकाच घरी होती. क्लबाच्या सेक्रेटरीचं घर, आणि त्याची आई फुलवा दादी. यांचे पूर्वज बिहारातून जहाजानं उसाच्या मळ्यावर कामाला गेलेले. दादी अजून भोजपुरी बोलायची, त्यामुळे तहसीनच्या हिंदीचं तिच्याशी लगेच जुळलं. पोरी दारात आल्या, दादीनं पाय धुवायला पाणी दिलं आणि परातभर पिवळेधमक आंबे समोर ठेवले. सगळ्यात मोठा आंबा उचलून तिनं सोमारीच्या हातात दिला. "खा बेटी, गाछ के पाकल ह." म्हणजे झाडावरच पिकलेला.

सोमारीच्या हातात जणू निखारा आला.

आता आमच्याकडच्या गोंडांची रीत ऐका. नवा आंबा आधी मातीला आणि देवाला द्यायचा, मग माणसानं खायचा. त्या सणाला पंडुम म्हणतात. पंडुम व्हायच्या आधी झाडाखाली पडलेली कैरीसुद्धा कोणी जिभेला लावत नाही. त्या दिवशी गायता एकेका घराला विचारतो, आधी कोणी चाखला का? चाखला असेल तर पंडुम पुढे ढकलला जातो, शुद्धी करावी लागते, आणि सगळं गाव झाडांकडे नुसतं बघत बसतं. विचारणारा गायता म्हणजे सोमारीचा बाप. पंडुम होतो चैत्राच्या सुमाराला. आणि हा आंबा हातात आला पुसात, म्हणजे ऐन पौषातल्या थंडीत! मंगरूनं शब्द दिला तेव्हा दारूपासून मांसापर्यंत सगळ्याचा विचार झाला होता. आंब्याचा कोणी केला नव्हता. पुसात आंब्याचा विचार करतं कोण?

सोमारी आंबा हातात धरून उभी. दादी वाट बघतेय. सर डोळे वटारतायत. शेवटी तहसीननं तोंड उघडलं. "दादी, इसको आम की ॲलर्जी है. मुँह फूल जाता है, ऐसा!" आणि तिनं गाल फुगवून दाखवले.

खोटं बोलावं तर अर्धवट बोलावं, पण तहसीनला अर्धवट काही जमत नाही. तिनं श्वास अडकतो म्हणून सांगितलं, भद्रावतीला एकदा सलाईन लावली म्हणून सांगितलं. दादी घाबरली. तिनं परात उचलली, घरातले सगळे आंबे गल्लीत वाटून टाकले, नातवंडांना सांगितलं, ही पोरगी आहे तोवर घरात आंबा आणायचा नाही. हंगामाचे दिवस, दारात झाड लगडलेलं, आणि घरातली पोरं गल्लीच्या कोपऱ्यावर उभी राहून चोरून आंबे खायला लागली. सोमारी हे बघायची आणि तहसीनला कोपरानं ढोसायची. "सांग ना खरं."

"आता सांगितलं त सर मले इथीच समुद्रात फेकतील. चूप राय."

मॅचेस सुरू झाल्या. एक आपण जिंकलो, एक त्या. सोमारी नेटवर उडाली की तिथली पोरंसुद्धा शिट्ट्या मारायची. तिसरी मॅच रविवारी होती, ट्रॉफीची. मधल्या दिवसांत सगळ्याजणी शाळेच्या मैदानावरचे काळे दगड वेचत होत्या. शुक्रवारी दुपारी झाडाखाली डबे उघडले. तहसीनच्या अम्मीनं भद्रावतीहून लोणच्याची बरणी दिली होती. इतके दिवस अळणी खाऊन जीभ मेलेली. सोमारीनं भाताबरोबर लोणच्याची फोड घेतली, दुसरी घेतली, आणि कोय तोंडात धरून चोखायला लागली. तेवढ्यात मागे गोहणे सर.

"हे काय आहे?"

"लोणचं, सर."

"कशाचं?"

तहसीन म्हणाली, "लिंबाचं."

सरांनी सोमारीच्या तोंडातून बाहेर आलेल्या कोयीकडे पाहिलं. "लिंबाला कोय कधीपासून येते गं?"

आता सोमारीलाच बोलावं लागलं. "सर, हा मागच्या सालचा आंबा हाय. त्याचा पंडुम झाला. तो चालते. दादीचा नवा हाय, तो नाई चालत." आणि तिनं तिच्या मानानं खूप मोठं भाषण केलं. पंडुम सांगितला, बापाचा शब्द सांगितला, झिंगू सांगितला, दीपिका सांगितली.

सर चिडले, आणि मी त्यांना दोष देत नाही. त्या म्हातारीनं हिच्यापायी घरातल्या लेकरांचे आंबे बंद केले होते, आणि ही इथे कोय चोखत बसलेली. "तू बी.ए.ला आहेस का पहिलीत? तिथं काय अन् इथं काय! इथी कोन पाहाले येऊन राह्यलं तुझ्या गावचं?"

"कोनी नाई, सर. पन बाबा विचारन ना चैतात. मले खोटं सांगता येत नाई. ते तहसीनले येते."

तहसीननं लगेच हात वर केले. "सर, माझी चुकी. मीच बोलली."

"तू चूप!" सर म्हणाले. "सोमारी, ऐक. रविवारची मॅच सुरू व्हायच्या आत त्या दादीची माफी मागायची आणि तिच्यासमोर एक आंबा खायचा. नाही खाल्ला, तर तू बेंचवर. ज्या घरचं मीठ खातो त्यांना खोटं सांगणारी पोरगी माझ्या टीममधून खेळणार नाही."

त्याच दुपारी माझा फोन वाजला. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. "नूरुभाऊ, उद्या बाबाले बोलवा. आंब्याचं काम हाय."

मी म्हटलं, "पोरी, तिथून आंबा पाठवून राह्यली का?" तर फोन बंद. मी बसचा कंडक्टर लच्छू याच्याकडे निरोप दिला. लच्छूनं तो वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर दिला असणार, कारण शनिवारी माझ्या बूथसमोर नुसता मंगरू नव्हता. त्याची बायको सोनीबाई, दीपिका, झिंगू म्हातारा आणि अर्धं वेंगागुडा होतं. बूथमध्ये एक माणूस मावतो. पाच घुसले. दार उघडंच ठेवावं लागलं, त्यामुळे मला काही विशेष मेहनत पडली नाही. बोलणं त्यांच्या गोंडीत झालं. इतकी वर्षं बाजारात बसून मला ती समजते. मी इथे आपल्या भाषेत देतोय.

फोन आला आणि सोमारीनं सगळं सांगितलं. मंगरू ऐकत राहिला. झिंगूनं मधेच फोन ओढला. "पुसात आंबा? झाड येडं झालं का?"

"इथी उन्हाळा हाय, आजा."

झिंगूनं रिसीव्हर कानापासून दूर धरला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "नूरुभाऊ, तुमचा फोन खराब हाय. पुसात उन्हाळा म्हनून राह्यला."

मग वाद पेटला. हा आंबा या सालचा का मागच्या सालचा? सोनीबाई म्हणाली, "मागच्या सालचा पकडा. त्याचा पंडुम होऊन गेला. खाऊ द्या पोरीले." झिंगू म्हणाला, "मागच्या सालचा आंबा पुसापर्यंत झाडावर राह्यते का? पडून त्याची झाडं झाली असती." कोणी म्हणालं, "मग येत्या सालचा." "येत्या सालचा आताच पिकला? मग आपला काऊन नाई पिकला?" कोणी म्हणालं, एक फोड चालेल, अख्खा नको. दीपिका एका कोपऱ्यात पदराचं टोक चावत उभी होती. तिच्याकडे कोणीच बघत नव्हतं, आणि बोलणं मात्र सगळं तिचंच चाललं होतं.

बराच वेळ गेल्यावर मंगरूनं फोन घेतला. "सोमारी, ते माती कोनाची हाय?"

"म्हंजे, बाबा?"

"तिथला गायता कोन?"

"इथी गायता नाई."

"गायत्याबिगर गाव असते का? जंगल कोनीतरी तोडलं असल ना पयलं." मग तो थांबला. तिकडे सोमारीच्या फोनचा मीटर पळत होता आणि मंगरू थांबलेला. "आपला पंडुम आपल्या मातीचा. त्या मातीवर माझं काही चालत नाई. तिथी जंगल तोडून जो पयला बसला, त्याच्या घरचं मानूस शोध. त्यानं मातीले देऊन आधी खाल्ला, अन मग तुले देल्ला, त रीत मोडली नाई."

झिंगू ओरडला, "अन तसं मानूस नाई भेटलं त?"

"त खाऊ नको," मंगरू फोनमध्येच म्हणाला. "मॅच गेली त जाऊ दे."

सोनीबाईनं रिसीव्हर हिसकावला. "पोरी, पोटभर जेवते ना?" पण तोवर लाइन गेली होती.

आता पुढचं मी तहसीनकडून ऐकलं. ती सांगायला बसली की दम कमी पडतो, शब्द पडत नाहीत. संध्याकाळी दोघी दादीसमोर बसल्या. तहसीननं आधी आपलं खोटं कबूल केलं. दादीनं कपाळावर हात मारला, तहसीनचा कान पिळला, आणि नातवंडांना ओरडून सांगितलं की झाडावर चढा. पोरं अशी पळाली की एकाची चप्पल अंगणातच राहिली.

मग सोमारीनं पंडुम आणि बापाचा निरोप सांगून आपला प्रश्न विचारला. हे रान पहिल्यांदा कोणी तोडलं? तहसीनला वाटलं, दादी म्हणणार आमच्याच पूर्वजांनी, आणि काम झालं. तिनं तर सुरी आणून ठेवली होती. पण दादीनं नकारार्थी मान हलवली. म्हणाली, तिच्या सासऱ्याचा बाप जहाजातून उतरला तेव्हा इथे ऊस उभा होता. रान आधीच तुटलं होतं. फ्रेंच साहेबांनी आफ्रिकेकडून माणसं जहाजात बांधून आणली होती, त्यांनी ते तोडलं. "ऊ लोग तोड़लस," ती म्हणाली, आणि तिनं कुंपणापलीकडच्या घराकडे हनुवटी केली. हात नाही केला. हनुवटी.

तहसीनला लगेच भांडणाचा वास आला. पलीकडे गास्तों नावाचा म्हातारा राहत होता, त्याच बांधून आणलेल्यांच्या वंशातला. आंब्याचं झाड बरोबर कुंपणावर. बुंधा दादीच्या बाजूला, अर्ध्या फांद्या गास्तोंच्या बाजूला. पडलेले आंबे कोणाचे, यावरून दोघांचं बोलणं बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. दादीनं गल्लीभर आंबे वाटले तेव्हाही ते घर सोडून वाटले होते.

सोमारी उठली आणि कुंपणाशी गेली. घराला कुलूप. गास्तों मुलीकडे समुद्रकाठी गेला होता. रविवारी सकाळी तो परस्पर चर्चला येणार, असं गल्लीतल्या कोणीतरी सांगितलं. मॅचही रविवारी सकाळीच.

रात्रीच्या जेवणाला दादीनं टेबलावर आंबे ठेवले, पण सोमारीच्या ताटात ठेवला नाही. सरांनी वाट पाहिली. मग विचारलं, "काय ठरलं?"

"नाई खात, सर."

"मग बेंच."

"हो, सर." आणि तिनं भात वाढून घेतला. सर म्हणतात, त्या "हो, सर"नंच त्यांना जेवण गेलं नाही. तहसीन म्हणते, त्यांनी तीन आंबे खाल्ले. दोन्ही खरं असू शकतं.

रविवारी पहिले दोन सेट आपण हरलो. तिसरा कसाबसा जिंकलो, चौथाही. सोमारी बेंचवर बसून दोन्ही हात गुडघ्यांत दाबून होती. प्रेक्षकांतली पोरं तिचं नाव घेऊन ओरडत होती आणि सर दर वेळी घड्याळाकडे बघत होते. पाचवा सेट सुरू व्हायचा होता, तेवढ्यात फाटकातून दोन माणसं आली. पुढे फुलवा दादी, पदर खोचलेला, पिशवीत आंबे. मागे काळ्या सूटातला, हातात हॅट धरलेला एक उंच काळा म्हातारा. दादी सकाळपासून चर्चच्या दारात उभी राहिली होती. प्रार्थना सुटली, गास्तों बाहेर आला, आणि इतक्या वर्षांनी ती त्याच्याशी बोलली. काय बोलली? ते कोणालाच माहीत नाही. दादीनं सांगितलं नाही, गास्तोंनं सांगितलं नाही. मी तहसीनला किती वेळा विचारलं असेल. ते कळल्याशिवाय मरायची माझी अजिबात तयारी नाही.

गास्तोंला काय करायचं ते ठाऊक नव्हतं. त्यानं खिशातला चाकू काढला आणि सोमारीकडे पाहिलं. तिनं मैदानाच्या कडेला बोट दाखवलं, जिथून तिनेच दगड वेचले होते. त्यानं पहिली फोड कापली आणि वाकून मातीवर ठेवली. मग तो वाकलेलाच राहिला आणि काहीतरी पुटपुटला. दादीच्या मुलानं पोरींना सांगितलं, तो म्हणतोय, मला पणजोबाचं नाव माहीत आहे, त्याच्या आधीचं कोणाचंच माहीत नाही, त्या सगळ्यांसाठी. मग त्यानं दुसरी फोड स्वतः खाल्ली. तिसरी सोमारीला दिली. चौथी, थोडा विचार करून, दादीला.

सोमारीनं फोड खाल्ली. सगळे गोहणे सरांकडे बघायला लागले. सरांना भाषण सुचलं असतं तर ते अर्धा तास चाललं असतं. पण त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "हात धू आधी. चिकट हातानं सर्व्हिस बाहेर जाईल."

पाचव्या सेटचं काय झालं विचाराल, तर तहसीन म्हणते, पंचानं ढापला, नाहीतर आपणच जिंकलो होतो. सर म्हणतात, नैतिक विजय. सोमारी म्हणते, "हरलो."

मंगरू आणि झिंगू त्या दिवशीही माझ्या बूथवर बसून होते, सकाळपासून. फोन आला दुपारी. मंगरूनं उचलला.

"बाबा, खाल्ला."

"आधी मातीले?"

"देल्ला. त्यानं खाल्ला, मग मले."

"मग मोडलं नाई," मंगरू म्हणाला. या वेळी त्यानं अजिबात वेळ घेतला नाही.

झिंगूचं समाधान एवढ्यावर होणार नव्हतं. त्यानं फोन घेतला. "त्या मानसाचं घरानं कोनतं? देव कोनता?"

"त्याले नाई मालूम, आजा. त्याच्या लोकायले बांधून आनलं होतं. जंगल तोडाले."

झिंगूनं रिसीव्हर कानापासून खाली घेतला. त्याच्या बापाला साहेबांच्या काळात सागाची लाकडं ओढायला असंच धरून न्यायचे. एकदा नेलं ते परत आलाच नाही. हे तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे, आणि झिंगूसमोर कोणी काढत नाही. त्यानं रिसीव्हर हळूच मंगरूच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बिडी पेटवली. मीही त्या दिवशी त्याला काही विचारलं नाही. माझ्यासारख्याला ते किती जड गेलं असेल ते तुम्हीच समजा.

गोहणे सर आता प्रत्येक समारंभात ही गोष्ट सांगतात. त्यांच्या गोष्टीत गास्तोंला बोलवायची कल्पना सरांचीच असते, आणि तिसरं बोट वर करताना त्यांचा गळा अजून भरून येतो. सोमारी समोर बसलेली असली तरी काही बोलत नाही. तिनं बी.ए. केलं, बी.पी.एड. केलं, आणि आश्रमशाळेत लागली. नेट आता बाजारातलं आहे.

पण मला आठवतो तो मॉरिशसनंतरचा जून. दीपिका गडचिरोलीला जाऊन आठवडा झाला होता. बाजाराचा दिवस होता. झिंगू बूथमध्ये आला, मागे त्याची नात, दोन वेण्या घातलेली, हातात पत्र्याची पेटी. म्हणाला, "नूरुभाऊ, त्या होस्टेलले फोन लावा. जागा हाय का विचाराचं हाय."

मी म्हटलं, "झिंगूभाऊ, तुम्हीच म्हनत होते ना, पोरी बाहेर पाठवाच्या नाई?"

"तुम्ही फोन लावा. बोलनं मी बोलतो."

मी लावून दिला. झिंगूनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि असा ओरडला की गडचिरोलीला फोनशिवायही ऐकू गेलं असतं. "एक पोरगी पाठवून राह्यलो! जागा ठेवा!" पलीकडून वॉर्डन बाईंनी मुलीचं नाव विचारलं. झिंगू गोंधळला. घरी तिला सगळे छोटी म्हणायचे. त्यानं रिसीव्हर छातीशी दाबला आणि मला विचारलं, "शाळेत हिचं नाव काय लिवलं होतं हो?"

मी काही सांगायच्या आत पोरीनं पेटी खाली ठेवली, पुढे आली, आजाच्या हातातून फोन घेतला आणि आपलं नाव सांगितलं.

"अन्नपूर्णा," ती म्हणाली. "हो, मी उद्याच येते."